घरी, घरात, गावी : निवासवाचक शब्दांचा अर्थविचार



या अभ्यासक्रमाचा प्रवेश अर्ज भरताना तुम्ही दोन चौकटी भरल्या आहेत. एकीवर 'पत्रव्यवहाराचा पत्ता' असे छापलेले असते आणि दुसरीवर 'कायमचा पत्ता'. तुमच्यापैकी पुष्कळांनी दुसऱ्या चौकटीत 'वरीलप्रमाणे' एवढाच शब्द लिहिला असेल. काहींनी पहिलीत शहरातील भाड्याच्या खोलीचा पत्ता लिहिला असेल आणि दुसरीत गावाकडचा. विवाहित विद्यार्थिनींपैकी काही जणी येथे क्षणभर थबकल्या असतील. मीही माझ्या वेळी थबकले होते.

काही वर्षांपूर्वी एका अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रात एका विद्यार्थ्याने ही चौकट कोरी ठेवलेला अर्ज माझ्यापुढे धरला. त्याचे आईवडील ऊसतोडीला जात. तो म्हणाला, "मॅडम, सहा महिने कारखान्यावर, सहा महिने गावी. गावी घर आहे ते चुलत्याचं. कायमचा म्हणजे कुठला लिहू?" अर्ज अपूर्ण राहू नये म्हणून मी त्याला गावाचा पत्ता लिहायला सांगितले. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मी दिले नाही, कारण ते मजजवळ नव्हते. पुढे त्याचे वाक्य आठवताना एक गोष्ट लक्षात आली. तो 'कारखान्यावर' म्हणाला होता, पण 'गावी' म्हणाला होता. दोन्ही ठिकाणी तो सारखाच काळ राहत होता, तरी त्याच्या व्याकरणाने त्या दोन ठिकाणांमध्ये भेद केला होता. प्रस्तुत घटकात आपल्याला या भेदाचा विचार करायचा आहे. घर आणि मायभूमी यांविषयी भाषणे पुष्कळ होतात. आपण मात्र आपल्या तोंडी नित्य असणारे शब्द आणि त्यांचे प्रत्यय यांच्याकडे पाहू.

'घरात' आणि 'घरी'

शालेय व्याकरणात सप्तमीचे प्रत्यय 'त, ई, आ' असे एका दमात पाठ करून घेतले जातात. त्यामुळे 'घरात' आणि 'घरी' ही एकाच अर्थाची दोन रूपे आहेत, असा समज होतो. तो तपासून पाहा. 'चोर घरात शिरला' असे आपण म्हणतो. 'चोर घरी शिरला' असे कोणीही म्हणत नाही. आई अंगणात धुणे वाळत घालत असली तरी 'आई घरी आहे' हे वाक्य खरे ठरते. 'आई घरात आहे' म्हटले की ती उंबरठ्याच्या आत असावी लागते. 'तो घरात गेला' या वाक्यातील घर कोणाचेही असू शकते. 'तो घरी गेला' म्हटले की ते त्याचे स्वतःचेच. दुसऱ्या कोणाचे सांगायचे असेल तर मालकाचा उल्लेख करावा लागतो : 'मामाच्या घरी गेला'. 'घरात' हे रूप जागा दाखवते, तर 'घरी' हे रूप माणूस आणि जागा यांच्यातील नाते दाखवते. 'घरी कोण कोण असतं?' या प्रश्नाचे उत्तर खोल्यांच्या संख्येने देता येत नाही. जुन्या पिढीतील पुरुष 'घरी विचारून सांगतो' म्हणत, तेव्हा विचारायचे असे ते बायकोला.

जुन्या मराठीत हा 'ई' प्रत्यय विपुल आढळतो. आज तो मोजक्या शब्दांपुरता उरला आहे : घरी, दारी, गावी, माहेरी, सासरी, आजोळी, मुक्कामी, परगावी, परदेशी, शिवाय सकाळी, दुपारी यांसारखे काही कालवाचक शब्द. निवासाचे जे शब्द भाषेत नव्याने आले त्यांना तो लागत नाही. 'फ्लॅटी गेलो' असे कोणी म्हणत नाही, मग त्या फ्लॅटचे हप्ते तो वीस वर्षे का फेडीत असेना. तेथे आपण 'वर' हे शब्दयोगी अव्यय वापरतो किंवा 'त' हा प्रत्यय. रूमवर, खोलीवर, साईटवर, फडावर, पालावर, कारखान्यावर. हा कल आहे, नियम नव्हे. शेतातील वस्तीत कित्येक कुटुंबे पिढ्यानपिढ्या राहतात आणि तरीही आपण 'वस्तीवर' म्हणतो. कारखान्यालगतच्या कोपीकडे निघालेली ऊसतोड कामगार बाई लेकराला 'चल घरी' म्हणत नसेल असे नाही. प्रत्ययावरून माणसाच्या मनाचा निवाडा करू नये, एवढी सावधगिरी अर्थविचार करणाऱ्याने बाळगली पाहिजे.

'घर' या शब्दाला 'वर' लागते तेव्हा काय होते, हेही पाहा. कौले, पत्रे, पाऊस यांचा संदर्भ सोडला तर 'घरावर' जे येते ते बहुधा संकट असते : मोर्चा, जप्ती, दरोडा. घरादाराची आसक्ती सोडून बाहेर पडणाऱ्यानेही 'घरावर तुळशीपत्र ठेवले' असेच आपण म्हणतो.

माहेर

'घर' हा शब्द संस्कृत 'गृह' पासून प्राकृतातून मराठीत आला. 'माहेर' या शब्दातही हेच 'गृह' दडलेले आहे : मातृगृह, प्राकृत माइहर, मराठी माहेर. व्युत्पत्तीने 'आईचे घर' एवढाच अर्थ निघतो. व्यवहारात मात्र अविवाहित मुलीला माहेर नसते. ती ज्या घरात वाढते ते घर तिने सोडल्यानंतरच 'माहेर' होते. पुरुषासाठी असा शब्द मराठीत नाही, कारण त्याचे जन्मघर 'घर'च राहते. जो बायकोच्या घरी राहायला जातो त्याच्यासाठी 'घरजावई' हा शब्द आहे आणि त्यात थोडी चेष्टा मिसळलेली आहे. नवऱ्याच्या घरी राहायला जाणाऱ्या स्त्रीसाठी मात्र असा चेष्टेचा शब्द नाही. भाषा ज्याला सर्वसामान्य मानते त्याला वेगळे नाव देत नाही, हे तत्त्व तुम्ही अर्थविचाराच्या पहिल्या घटकात अभ्यासले आहे; त्याचे याहून स्पष्ट उदाहरण मला सुचत नाही.

वारकरी संतांनी पंढरीला माहेर म्हटले. असे म्हणणाऱ्यांत पुरुष संतही आहेत. ज्या घरी कर्तव्य नाही, हिशेब नाही, केवळ येणे आणि विसावणे आहे, ते सांगायला त्यांना 'घर' हा शब्द अपुरा वाटला असावा. जात्यावरच्या ओव्यांतील माहेरही असेच आहे. या सुंदर शब्दाची दुसरी बाजू तलाठी कार्यालयात दिसते. महाराष्ट्राने १९९४ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत सहदायादाचा हक्क दिला. २००५ साली केंद्रीय कायद्यातही तशी दुरुस्ती झाली. तरीही वडिलांच्या पश्चात बहिणींकडून 'हक्कसोडपत्र' लिहून घेण्याची रीत चालू आहे. अनेक जणी ते मुकाट्याने लिहून देतात. वाटा मागितला तर भावाचे दार बंद होईल, माहेर तुटेल, ही भीती त्यामागे असते. कायद्याच्या भाषेत ते तिचेही घर आहे. बोलीच्या भाषेत ते तिचे माहेर आहे, आणि माहेरात वाटा नसतो. कायदा बदलून तीन दशके झाली, पण शब्दाचा अर्थ त्या वेगाने बदललेला नाही. तुमच्यापैकी ज्यांनी असे पत्र लिहून दिले असेल किंवा लिहून घेतले असेल, त्यांना या परिच्छेदाचे अधिक स्पष्टीकरण लागणार नाही.

गाव

'माहेर' हा शब्द जसा निघून गेल्यावर लागू होतो तसाच 'गावी' हाही. गावात राहणारा माणूस फोनवर 'मी गावातच आहे' म्हणतो. 'मी गावी आलोय' हे वाक्य पुण्यामुंबईहून आलेल्याचे असते. कोकणातला चाकरमानी गणपतीत 'गावाक' जातो. त्याला 'चाकरमानी' म्हणणारे लोक गावाकडचे असतात, मुंबईतले नव्हेत. गिरणगावात ज्या जागेत त्याने तीसतीस वर्षे काढली तिला तो 'खोली' म्हणत आला. घर गावी होते. तेथे मनीऑर्डर जात होती. मुंबईतील गोमंतकीय खलाशांची गोष्टही अशीच. धोबी तलावाच्या परिसरात त्यांच्या गावोगावच्या 'कूड' होत्या. कोकणीत कूड म्हणजे खोली. बोटीवरून उतरलेल्या माणसाला तेथे पथारी मिळे ती तो त्या गावचा आहे एवढ्याच ओळखीवर.

गावाचे नाव आडनावात घेऊन हिंडण्याची आपली रीतही याच जातीची. पेणमध्ये राहणाऱ्या सगळ्यांनाच पेणकर म्हटले तर त्या नावाचा उपयोग काय? पेण सोडून दुसरीकडे गेलेल्याला तेथील लोक पेणकर म्हणू लागतात. काही 'कर'-अंती आडनावे त्या गावच्या वतनावरून पडली आहेत, हा अपवाद ध्यानात ठेवावा. परंतु बहुसंख्य आडनावांत गाव आहे ते कोणीतरी कधीतरी सोडलेले गाव आहे.

येथवर सारे गोड आहे. आता 'गावी' आणि 'गावात' यांतील भेद वेगळ्या ठिकाणी लावून पाहा. जुन्या खेड्यात महारवाडा गावकुसाबाहेर असे. तेथला माणूस कामासाठी निघाला की म्हणे, 'गावात जाऊन येतो'. दलित आत्मकथनांत हा प्रयोग तुम्हाला वारंवार भेटेल. सरकारी दप्तरात तो त्या गावचा रहिवासी होता. त्याच्या स्वतःच्या बोलण्यात मात्र गाव ही त्याच्या घरापासून वेगळी, जाऊन परत येण्याची जागा होती. हाच माणूस मुंबईला गोदीत किंवा गिरणीत कामाला लागला की सुट्टीत 'गावी' जाई. दुरून पाहता तो गावचा होता. जवळ पोहोचल्यावर गावाबाहेरचा. एकाच माणसाच्या तोंडी एकाच शब्दाचे हे दोन वापर आहेत आणि दोन्ही खरे आहेत. माधव कोंडविलकर यांच्या आत्मकथनाचे शीर्षक 'मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे' असे आहे. पाकिटावर लिहिण्याचा हा साधा मजकूर. ज्याला गावाने आपले मानले नाही त्याने पुस्तकावर गावाचाच पत्ता लिहावा, यातले ताणलेपण शीर्षक वाचताना सुटू देऊ नका.

१४ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईच्या मणिभवनात डॉ. आंबेडकर आणि महात्मा गांधी यांची भेट झाली. त्या भेटीत आपल्याला मायभूमी नाही, असे आंबेडकर गांधीजींना म्हणाले. हे उद्गार पुष्कळदा केवळ क्षोभाचे म्हणून वाचले जातात. मला ते शब्दार्थाच्या दृष्टीने अत्यंत काटेकोर वाटतात. 'माय' हा शब्द जोडला की भूमीकडून माणसाला काहीतरी मिळणे गृहीत धरले जाते. ज्याला पाणवठ्यावर पाणी मिळत नाही त्याने हा समास कशाच्या आधारावर उच्चारायचा, असा त्यामागचा प्रश्न होता. पुढे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी खेड्याच्या गौरवीकरणाला जो विरोध केला तो याच अनुभवाला धरून होता.

गाव आपले असूनही हातून जाते, असेही घडते. कोयना, उजनी यांसारख्या धरणांनी शेकडो वस्त्या उठवल्या. उजनीच्या जलाशयात इंदापूर तालुक्यातील जुने पळसदेव गेले. पाणी फार उतरले की तेथील पळसनाथाचे मंदिर वर येते आणि लोक ते पाहायला जातात. महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ साली केला. त्याआधी उठलेल्यांना तोही आधार नव्हता. शासकीय भाषेत जमिनीचे दोन भाग होतात, 'बुडीत क्षेत्र' आणि 'लाभक्षेत्र'. उठलेली माणसे 'जुने गाव' आणि 'नवे गाव' म्हणतात. नव्या गावाला रस्ते असतात, शाळा असते, पाटीवर तेच नाव असते. पण ज्या गावाला सुट्टीत 'गावी' जायचे ते पाण्याखाली असते. विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' ही कादंबरी वाचताना गाव, गावठाण आणि वसाहत हे शब्द कोणाच्या तोंडी येतात याची नोंद करीत जा.

वतन आणि उपरा

'वतन' हा अरबी शब्द. उर्दू-हिंदीत त्याचा अर्थ जन्मभूमी असाच राहिला. मराठीत तो प्रशासनातून आला आणि त्याचा अर्थ झाला वंशपरंपरागत पद आणि त्यासोबतची जमीन किंवा उत्पन्न. पाटीलकीचे वतन, कुलकर्ण्याचे वतन, देशमुखीचे वतन. जन्मभूमीचा शब्द हक्काच्या दस्तऐवजाचा शब्द बनला, हा अर्थबदल मोठा बोलका आहे. गावावर प्रेम असणे पुरेसे नव्हते. गावात 'काहीतरी असणे' आवश्यक होते. महारांनाही वतन होते. थोड्या जमिनीच्या आणि बलुत्याच्या मोबदल्यात रात्रंदिवसाची गावचाकरी त्यात होती, आणि ती नाकारण्याची सोय नव्हती. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. हिंदी चित्रपटातील गाण्यात 'वतन' ऐकून ज्याचा ऊर भरून येतो आणि ज्याच्या आजोबांनी ते वतन सोडण्यासाठी झगडा केला, त्या दोघांना हा शब्द एकच अर्थ देणार नाही.

जुन्या महसुली कागदपत्रांत 'मिरासदार' आणि 'उपरी' अशी जोडी आढळते. मिरासदार म्हणजे गावात वंशपरंपरागत जमीनहक्क असलेला, उपरी म्हणजे बाहेरून येऊन दुसऱ्याची जमीन कसणारा. 'उपरा' या आजच्या शब्दात तोच परकेपणा आहे. लक्ष्मण माने यांनी १९८० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनाला हे नाव दिले तेव्हा तो शब्द एका कैकाडी कुटुंबाच्या सबंध जगण्याला लागू झाला. पालावर राहणाऱ्याला प्रत्येक गावात उपरा ठरावे लागते, आणि असे एकही गाव नसते की जेथे तो उपरा नाही.

भटक्यांना कायमचा पत्ता मिळाला नाही असेही नाही. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. पुढे त्याची व्याप्ती वाढली आणि अनेक जमातींना सेटलमेंटमध्ये कोंडले गेले. सोलापूरची सेटलमेंट त्यांपैकीच. राज्यसत्तेने दिलेला तो कायमचा पत्ता तारेच्या कुंपणातला होता, हजेरीचा होता. १९५२ साली तो कायदा रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' म्हणवू लागल्या. आज त्यांच्या मुलांना जातीच्या दाखल्यासाठी कुटुंबाचे वास्तव्य २१ नोव्हेंबर १९६१ या मानीव दिनांकापूर्वीचे दाखवावे लागते. आजोबा त्या दिवशी कोठे होते? कुठल्यातरी गावाबाहेर, पालावर. त्याची नोंद कोण ठेवणार? जी माणसे घरावाचून राहिली, त्यांच्याकडे राहण्याचा पुरावा मागितला जातो. कोरी चौकट घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला मी दिलेला सल्ला या संदर्भात मला अधिकच उथळ वाटतो.

मायदेश

'देश' या शब्दाचा विस्तार मराठीत लवचिक आहे. कोकणातला माणूस घाट चढून 'देशावर' जातो, तेव्हा तो राष्ट्राची सीमा ओलांडत नाही. 'मायदेश' मात्र राष्ट्राबाहेर गेल्यावरच सुचतो. 'खेळाडू मायदेशी परतले' असे वृत्तपत्रात येते. पण नाशिकला बसून 'मी सध्या मायदेशी आहे' असे कोणी म्हणत नाही. माहेर, गावी, मायदेशी या तिन्ही रूपांत बोलणारा दूर उभा आहे.

या दुराव्याची सर्वांत गुंतागुंतीची कथा बेने इस्राएल समाजाची आहे. कोकणात, विशेषतः आजच्या रायगड जिल्ह्यात, कित्येक शतके राहिलेला हा मराठीभाषक ज्यू समाज. परंपरेनुसार त्यांचे पूर्वज नवगावजवळ गलबत फुटून किनाऱ्याला लागले. तेलाच्या घाण्यांचा व्यवसाय आणि शनिवारची सुट्टी यांमुळे त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. त्यांची आडनावे पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी. १९४८ नंतर त्यांच्यातील बहुसंख्य लोक इस्राएलला गेले. धर्माच्या अर्थाने ते मायभूमीलाच निघाले होते. तेथे पोहोचल्यावर काहींना भेदभावाचा असा अनुभव आला की १९५० च्या दशकाच्या प्रारंभी त्यांनी भारतात परत पाठवा म्हणून धरणे धरले. पुढे विवाहाच्या संदर्भात त्यांच्या ज्यूपणाविषयी धर्मपीठाने शंका उपस्थित केली. आंदोलन झाले आणि १९६४ साली इस्राएलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे मान्य केले. ज्या भूमीची वाट पिढ्यानपिढ्या पाहिली तेथेही पुरावा द्यावा लागला. त्यांच्यातील लोक भारताला मातृभूमी आणि इस्राएलला पितृभूमी म्हणतात. मराठीने दिलेल्या समासांची ही वाटणी त्यांनी आपल्या अनुभवातून केली आहे. इस्राएलमधून त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालवले. अश्दोद किंवा दिमोना येथील पेणकरांच्या नातवाने पेण पाहिलेले नसेल. आडनावाच्या अर्थाचा एखादा अवशेष त्याच्यापाशी उरला असेल की नाही, हा प्रश्न मला भाषावैज्ञानिक म्हणून सतावतो, कारण अर्थ विसरल्यावरही नाव चालू राहते.

स्वाध्याय

तुमच्या परिचयातील तीन व्यक्ती निवडा : विवाहित वयस्क स्त्री, कामासाठी स्थलांतर केलेली व्यक्ती, आणि जिचे गाव किंवा वस्ती उठली आहे अशी व्यक्ती. त्यांना 'तुमचे घर कोठे आहे?' असे थेट विचारू नका. त्यांच्याशी मागच्या वर्षभराविषयी गप्पा मारा आणि बोलण्यात येणारी 'घरी, घरात, घराकडे, गावी, गावाला, गावात, खोलीवर' ही रूपे जशीच्या तशी, त्यांच्या बोलीत, टिपून घ्या. प्रत्येक रूपासमोर बोलणारी व्यक्ती त्या क्षणी कोठे बसली होती हे लिहा. आपल्या प्रवेश अर्जावरील 'कायमचा पत्ता' ही चौकट या तिघांनी कशी भरली असती, याविषयी सुमारे दोनशे शब्दांत टिपण तयार करून पुढील संपर्कसत्रास सोबत आणा.